बाटलीची झाकणे आणि केसांचे दोर

चित्रकार म्हटले की एका हातात रंगांची पाटी आणि दुसऱ्या हातात कुंचला घेतलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. शिल्पकार म्हटले की छिन्नी, हातोडा आणि संगमरवर आठवतो. या कल्पना खोट्या नाहीत. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या अपुऱ्या पडू लागल्या आहेत. आज जगातील मोठमोठ्या कलादालनांत वाळू, दूध, परागकण, बंदुकीची दारू, स्वयंपाकघरातील ताटे, कपाळावरच्या टिकल्या, शेण, केस, दारूच्या बाटल्यांची झाकणे अशा वस्तूंपासून घडवलेल्या कलाकृती मांडलेल्या दिसतात. त्या प्रथमच पाहणारा माणूस थबकतो. त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला तो बोलून दाखवतो: याला कला म्हणायचे का? दुसरा तो सहसा मनातच ठेवतो: यातले मला काय आवडले, आणि ते आवडले असे म्हणण्याचा मला अधिकार आहे का?

पहिल्या प्रश्नावर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे आणि ते यापुढेही लिहीत राहतील. सामान्य रसिकाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. आवडता गायक कोण, आवडता नट कोण, आवडता खेळाडू कोण, हे कोणीही न बिचकता सांगतो. आवडता चित्रकार किंवा शिल्पकार कोण असे विचारले, की मात्र भलीभली माणसे गप्प होतात. 'त्यातले आपल्याला काय कळते?' असे म्हणून ती विषय बदलतात. ज्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले असेल, त्यांचा संकोच तर अधिकच असतो. गंमत अशी, की वेगळ्या माध्यमांच्या या कलेपुढे संकोच करण्याचे कारण सर्वांत कमी आहे. तैलरंगाची जात ओळखायला कदाचित शिक्षण लागेल; पण शेणाने अंगण सारवताना हाताला काय जाणवते, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवताना डोळे कसे ताणले जातात, डांबराचे पिंप उन्हात किती तापते, हे ज्याने अनुभवले आहे त्याच्यापाशी या कलेची अर्धी किल्ली आधीच असते.

उरलेली अर्धी किल्ली म्हणजे नवल आणि आवड यांतला फरक ओळखणे. आगकाड्यांचा ताजमहाल किंवा तांदळाच्या दाण्यावर लिहिलेले नाव पाहून आपण कारागिराच्या चिकाटीला दाद देतो, घरी येतो आणि विसरून जातो. त्या ताजमहालाला आगकाड्यांशी काही देणेघेणे नसते. तो साबणाचा असता तरी चालले असते. म्हणून आवड ठरवताना एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. हीच कलाकृती दुसऱ्या एखाद्या पदार्थाची केली असती, तर तिच्यातले काय हरवले असते? काहीच हरवत नसेल, तर ते माध्यम केवळ नवलाईपुरते आले आहे असे समजावे.

या प्रश्नाची कसोटी काही प्रसिद्ध नावांना लावून पाहता येईल. ओडिशातील पुरीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूची शिल्पे घडवणारे सुदर्शन पटनाईक देशभर परिचित आहेत. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एखादी मोठी घटना घडली की त्यांचे शिल्प किनाऱ्यावर उभे राहते आणि वारा, पाऊस किंवा पाणी ते लवकरच मोडून टाकते. हे अल्पायुष्य वाळूतूनच येते, तेव्हा माध्यम येथे निरर्थक नाही. मात्र ते शिल्प बातमीसारखे ताजे असते आणि बातमीसारखेच शिळे होते. सुबोध गुप्ता यांचे उदाहरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. १९६४ मध्ये बिहारमधील खगौल येथे जन्मलेल्या या कलावंताने स्टीलची ताटे, डबे, बादल्या, किटल्या यांनाच आपले माध्यम केले. 'व्हेरी हंग्री गॉड' म्हणजे 'अतिशय भुकेला देव' ही त्यांची २००६ मधील कलाकृती म्हणजे भांड्यांची रचलेली एक अवाढव्य कवटी आहे. २००८ मधील 'लाइन ऑफ कंट्रोल' मध्ये हीच भांडी अणुस्फोटाच्या ढगासारखी वर उसळलेली दिसतात. लग्नाच्या रुखवतात मांडलेली कोरी भांडी ज्याने पाहिली आहेत, त्याला या चकाकीमागची हौस कळते, आणि सगळी भांडी रिकामी आहेत हेही त्याच्या लगेच लक्षात येते. तरीही या कलाकृतींचा आकार इतका प्रचंड असतो, की भांडे भांडे म्हणून दिसेनासे होते आणि पाहणाऱ्याच्या मनावर भव्यताच तेवढी ठसते.

चंदीगडच्या 'रॉक गार्डन'चे निर्माते नेकचंद यांच्याबाबत अशी तक्रार करता येणार नाही. फाळणीनंतर ते भारतात आले आणि चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. नवे शहर वसवण्यासाठी आजूबाजूची जुनी खेडी पाडली जात होती. त्या राडारोड्यातून फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मोडकी भांडी, चित्रविचित्र दगड गोळा करून त्यांनी सरकारी वनजमिनीवर वर्षानुवर्षे गुपचूप मूर्ती घडवल्या. त्यांचे हे काम सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेस पडले तेव्हा नियमानुसार ते पाडले जाण्याचीच भीती होती. परंतु लोक पाठीशी उभे राहिले आणि १९७६ मध्ये ती बाग सर्वांसाठी खुली झाली. उजाड झालेल्या गावांच्या बांगड्या मूर्तींच्या अंगावर पुन्हा चढल्या. संगमरवरात हे घडणे शक्य नव्हते. २०१५ मध्ये नेकचंद यांचे निधन झाले. निवड हयात कलावंतांतून करायची असल्यामुळेच त्यांना येथे बाजूला ठेवावे लागते.

जर्मनीचे वोल्फगांग लाइब यांचे काम अगदी वेगळ्या प्रकृतीचे आहे. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करूनही डॉक्टर न होता ते कलेकडे वळले. वसंत ऋतूत ते रानात हिंडतात आणि झाडांचे परागकण बरणीत साठवतात. एक बरणी भरायला अनेक आठवडे लागू शकतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये त्यांनी हेझेल या झाडाच्या परागकणांचा अंदाजे अठरा फूट बाय एकवीस फुटांचा झगझगीत पिवळा चौकोन जमिनीवर चाळणीने अंथरला होता. त्यासाठीचे परागकण जमवण्यात सुमारे दोन दशके गेली होती. १९७५ पासून ते 'मिल्कस्टोन' म्हणजे 'दुधाची शिळा' ही कलाकृतीही करीत आले आहेत. पांढऱ्या संगमरवरी शिळेचा वरचा भाग किंचित खोलगट घासायचा आणि त्यात काठोकाठ दूध भरायचे. दूध नासते, म्हणून ते रोज काढून, शिळा पुसून, नवे दूध भरावे लागते. युरोपातल्या प्रेक्षकाला हे गूढ वाटते. ज्याच्या घरी रोज सकाळी देव पुसून ठेवले जातात, त्याला त्यात फारसे गूढ वाटणार नाही. त्याला ते ओळखीचे वाटेल.

अशी नावे आणखी कितीतरी सांगता येतील. परंतु आवड यादीतून ठरत नाही. त्यासाठी एखाददुसऱ्या कलावंताच्या सहवासात जास्त वेळ घालवावा लागतो. येथे दोघांचा विचार करू. एक आफ्रिकेतील आहे, एक भारतातील.

एल अनात्सुई यांचा जन्म १९४४ मध्ये आजच्या घाना देशातील अन्याको येथे झाला. तेव्हा हा प्रदेश 'गोल्ड कोस्ट' या नावाची ब्रिटिश वसाहत होता. त्यांच्या घरात वडील आणि भाऊ केंटे नावाचे वस्त्र विणत. केंटे म्हणजे अरुंद, रंगीबेरंगी पट्ट्या विणून आणि त्या एकमेकींना जोडून तयार केलेले भरजरी दिसणारे वस्त्र. अनात्सुई स्वतः विणकाम शिकले नाहीत. कुमासी येथील कला महाविद्यालयात त्यांना युरोपीय पद्धतीचे शिक्षण मिळाले. आपल्याच मातीतल्या कलेविषयी या शिक्षणात फारसे काही नाही, हे त्यांना खटकत राहिले. मग ते बाजारात विक्रेते माल मांडतात त्या लाकडी तबकांवर आकृत्या उमटवू लागले. १९७५ मध्ये ते नायजेरियातील नसुक्का येथील विद्यापीठात शिकवू लागले आणि पुढली अनेक दशके तेथेच राहिले. या काळात त्यांनी फुटकी मडकी वापरली, यांत्रिक करवतीने लाकडे कोरली, कसावा किसण्याच्या जुन्या किसण्या एकमेकींना जोडल्या. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा बनतो तो कंद. पश्चिम आफ्रिकेत तो रोजच्या जेवणातला आहे, म्हणून गंजलेली किसणी प्रत्येक घरामागे सापडते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नसुक्काच्या परिसरात त्यांना दारूच्या बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांनी भरलेली एक पिशवी सापडली. काय करावे हे लगेच सुचले नाही. पिशवी बराच काळ कार्यशाळेत पडून राहिली. पुढे ती झाकणे आणि त्यांच्याखालच्या कड्या ते कापू लागले, ठोकून सपाट करू लागले, पिळू आणि दुमडू लागले, आणि बारीक भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधू लागले. हजारो तुकड्यांची वीण तयार झाली आणि तिच्यातून वस्त्र निर्माण झाले. लाल, सोनेरी, काळ्या, रुपेरी रंगांचा तो पट लांबून राजाच्या शालीसारखा दिसतो. जवळ गेल्यावर दारूच्या छापांची अक्षरे वाचता येतात. हा पट धातूचा असूनही कापडासारखा लवतो. त्याला चुण्या पडतात. तो घडी घालून पेटीत भरता येतो. प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या रीतीने टांगला जातो, आणि कसा टांगावा हे ठरवण्याची मोकळीक अनात्सुई तेथल्या लोकांनाही देतात. आपली कलाकृती दरवेळी निराळी दिसावी, हे मान्य करणारे शिल्पकार थोडेच असतात.

आता तोच प्रश्न येथे विचारावा. हा पट खऱ्या सोन्याचा केला असता, तर काय हरवले असते? हरवला असता तो इतिहास. दारू हा युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणलेल्या मालापैकी एक माल होता. तिच्या आणि इतर वस्तूंच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली गेली. ती गुलाम म्हणून अटलांटिक महासागरापलीकडे नेली गेली. तेथे उसाच्या मळ्यांत त्यांना राबवले; उसाच्या काकवीपासून रम गाळली गेली आणि ती रम पुन्हा बाजारात आली. तीन खंडांना बांधणारा हा व्यवहार बाटलीच्या एका झाकणात मावतो. अनात्सुई तो ओरडून सांगत नाहीत. २००७ च्या व्हेनिस बिएनालेच्या वेळी त्यांनी तेथील फॉर्च्युनी वाड्याच्या दर्शनी भिंतीवर असा एक पट पांघरला होता. व्हेनिस हे एके काळी व्यापाराने गबर झालेले शहर; त्याच्या अंगावर व्यापाराच्या उकिरड्यातून विणलेली शाल घातली गेली. २०१५ मध्ये याच बिएनालेने त्यांना जीवनगौरवाचा 'सुवर्णसिंह' पुरस्कार दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'टेट मॉडर्न'च्या विस्तीर्ण दालनात त्यांचे 'बिहाइंड द रेड मून' म्हणजे 'लाल चंद्रामागे' हे काम उलगडले आणि २०२४ च्या एप्रिलपर्यंत ते तेथे होते. त्यातला पहिला पट जहाजाच्या शिडासारखा फुगलेला होता. कोणते जहाज, हे सांगण्याची गरज पडली नाही.

एक शंका मात्र घ्यायला हवी. एवढी झाकणे एक माणूस कशी बांधणार? ती बांधणारे अनेक मदतनीस असतात. नसुक्कामधील तरुणांना या कामातून रोजगार मिळाला. वेगवेगळ्या हातांची वीण सैल किंवा घट्ट पडते आणि ती तशीच पटात राहते. कलावंत नेमका कोण, हा वाद येथे काढता येईल. पण ताजमहालाच्या बाबतीत तो निघत नाही, पैठणीच्या बाबतीतही निघत नाही, तेव्हा एकट्या अनात्सुईंनाच तो का लावावा?

शीला गौडा यांचा जन्म १९५७ मध्ये कर्नाटकातील भद्रावती येथे झाला. बंगळूर, बडोदा आणि शांतिनिकेतन येथे शिकून त्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेल्या आणि १९८६ मध्ये चित्रकलेची पदवी घेऊन परतल्या. तेव्हा त्या रंगांनीच काम करीत होत्या. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर मुंबईसह देशात अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. अशा काळात कॅनव्हासवर तैलरंग लावत बसणे त्यांना अपुरे वाटू लागले आणि त्यांनी शेण हाती घेतले.

शेण का, हे भारतातील वाचकाला विस्ताराने सांगायला नको. ते सारवणाला लागते, चुलीला लागते, पूजेलाही लागते. ते पवित्र मानले जाते, तरी त्यात हात घालणारी बाई बहुधा गरीबच असते. गाईच्या नावाने माणसे एकमेकांवर उठतात, त्याच गाईचे शेण रोज सकाळी कोणीतरी निमूटपणे गोळा करीत असते. गौडा यांनी या शेणाचे गोळे केले, विटा केल्या, ते कागदावर लिंपले. १९९६ मधील 'मॉर्टार लाइन' या कलाकृतीत शेणाच्या विटांची वळणदार रांग जमिनीवर मांडलेली आहे आणि विटांच्या मधल्या फटीत कुंकू आहे. ती अर्धवट बांधलेल्या भिंतीसारखी दिसते, आणि उघड्या जखमेसारखीही. यावर भाष्य लिहिलेले नाही. वास, रंग आणि आकार यांनीच काय ते सांगायचे.

यापुढचे त्यांचे काम 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' म्हणजे 'आणि त्याला माझी व्यथा सांग' या नावाचे आहे. त्याची सुरुवात १९९८ मध्ये झाली. शंभराहून अधिक मीटर लांबीचा साधा शिवणाचा दोरा घ्यायचा, तो सुईच्या नेढ्यातून ओवायचा आणि सुई दोऱ्याच्या मध्यापर्यंत ओढत न्यायची. मग दुसरा दोरा, दुसरी सुई. असे कितीतरी दोरे एकत्र करून त्यांना डिंकात कालवलेले कुंकू माखायचे. यातून जाडजूड लाल दोर तयार होतो आणि त्याच्या टोकाशी सुयांचा झुबका लोंबत राहतो. हा दोर खोलीच्या भिंतींवरून आणि जमिनीवरून वेटोळी घेत जातो. पाहणाऱ्याला कधी नाळ आठवते, कधी आतडे, कधी ओल्या रक्ताची रेघ. शिवणकाम हे बायकांचे, बैठे आणि बिनमोलाचे काम समजले जाते. येथे तेच काम मीटरमीटरने मोजून समोर ठेवले आहे. एका दोऱ्याची पूर्ण लांबी सुईतून ओढून काढायला किती वेळ लागत असेल, याचा हिशेब ज्या बाईने गोधडी शिवली आहे तिला चटकन करता येईल. कलासमीक्षकाला थोडा विचार करावा लागेल.

२००९ च्या व्हेनिस बिएनालेत मांडलेले त्यांचे 'बिहोल्ड' म्हणजे 'पाहा' हे काम आज टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. दक्षिणेकडील देवस्थानांत लाखो भाविक नवस फेडण्यासाठी केस अर्पण करतात. त्यातले लांब केस टोपांसाठी परदेशी जातात. आखूड केसांचे दोर वळले जातात आणि गाड्यांना दृष्ट लागू नये म्हणून ते चालक विकत घेऊन बंपरला बांधतात. आपल्याकडे लिंबू-मिरची किंवा काळी बाहुली जे काम करते, तेच काम तिकडे हा दोर करतो. गौडा यांनी असे सुमारे चार हजार मीटर दोर एकमेकांना गाठी मारून जोडले आणि त्यांत गाडीचे वीस चकचकीत बंपर टांगले. भिंतीवरून काळ्या दोरांचे लोट जमिनीवर उतरतात आणि त्यांच्या आधाराने पोलाद तरंगत राहते. जो केस बोटांनी सहज तोडता येतो, त्याने यंत्राचा भार पेललेला असतो. शिवाय तो केस कोणाचा तरी आहे. कोणाचे मूल बरे झाले असेल, कोणाला नोकरी लागली असेल, कोणाचे कर्ज फिटले असेल. त्या प्रत्येकाने देवापुढे डोके पुढे केले. त्यांची नावे कोठेही नाहीत. चार हजार मीटर लांबीची ही माणसांची गर्दी आहे, आणि ती दिसते मात्र काळ्या गुंत्यासारखी.

अनात्सुई आणि गौडा हे दोघेही या कसोटीला उतरतात. दोघांनीही गरीब, फेकलेल्या, हातोहात फिरलेल्या वस्तू निवडल्या. दोघांच्याही कामात श्रम दिसतात. एखाद्या लहान मुलाला दोघांच्या कलाकृतींसमोर उभे केले, तर ते निःसंशय अनात्सुईंच्या सोनेरी पटाकडे धावेल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. पाहताक्षणी डोळे निववणे ही मोठी गोष्ट आहे. गौडा यांचे काम हे सुख चटकन देत नाही. केसांचा दोर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या परदेशी प्रेक्षकाला 'बिहोल्ड' समजून घेण्यासाठी शेजारची पाटी वाचावी लागते, हा त्या कामातला कच्चा दुवा म्हणता येईल.

तरीही निवड शीला गौडा यांचीच करावीशी वाटते. अनात्सुईंच्या हातात झाकणाचे वस्त्र होते, वस्त्राचे सोने होते. आपण वर पाहत राहतो आणि झाकण विसरतो. त्याची आठवण ठेवण्यासाठी जवळ जाऊन अक्षरे वाचावी लागतात. गौडा यांच्याकडे शेण शेणच राहते, सुई सुईच राहते, केस केसच राहतात. त्यांना सुंदर करून मान मिळवून दिलेला नाही. त्या वस्तू ज्यांच्या हातून आल्या, त्यांच्या आयुष्यात त्यांचा जो अर्थ होता, तो अर्थ तसाच दालनात येतो. त्यामुळे या कामासमोर सर्वांत जाणता प्रेक्षक कोण, याचे उत्तरही बदलते. व्हेनिसच्या त्या दालनात लाखो लोक येऊन गेले असतील. परंतु आपल्या ट्रकच्या बंपरला केसांचा दोर बांधून घाट उतरलेला एखादा चालक तेथे आला असता, तर त्याला पाटी वाचावी लागली नसती.

या निवडीला आणखी एक आधार आहे. तो म्हणजे गौडा यांचे २००६ मधील 'डार्करूम' म्हणजे 'अंधारखोली' हे काम. रस्त्याची कामे चालू असतात तेथे डांबराची रिकामी पिंपे पडलेली असतात. मजूर ती कापतात, ठोकून त्यांचे पत्रे करतात आणि रस्त्याकडेला त्यांचाच आडोसा उभारून तात्पुरता संसार थाटतात. रस्ता पुढे सरकला की आडोसाही पुढे सरकतो. गौडा यांनी अशीच पिंपे आणि पत्रे घेऊन एक खोली बांधली. समोरून ती किल्ल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेल्या पिंपांचे बुरूज आहेत. दार इतके ठेंगणे आहे, की आत जायचे तर वाकावेच लागते, मग पाहुणा कितीही प्रतिष्ठित असो. आत काळोख आहे आणि छताच्या पत्र्याला असंख्य बारीक भोके पाडलेली आहेत. डोळे अंधाराला सरावले की त्या भोकांच्या चांदण्या होतात. पत्र्याच्या छपराखाली निजलेल्या अनेकांनी हे आकाश पाहिलेले असते. पावसाळ्यात त्यातूनच पाणी गळते. आतून बाहेर येताना पुन्हा वाकावे लागते.